हातब्रेक ओढला, म्हणजे झाले का?

भरलेली बैलगाडी चढाला लागली आणि बैलांना दम खाऊ द्यायला थांबली, की गाडीवान आधी खाली उतरून चाकामागे दगड लावी. मग बैलांच्या पाठीवर हात फिरवी. हे त्याला कुणी शाळेत शिकवले नव्हते. आता घरोघर ट्रॅक्टर आला, जीप आली, मोटार आली आणि दगडाची जागा हातब्रेकने घेतली. दांडा ओढला, दार लावले, निघालो! पण वाचकहो, पन्हाळ्यासारख्या ठिकाणी, ओल आणि गारठ्याच्या दिवसांत, एवढ्यावर भागत नाही.

पन्हाळा कोल्हापूरपासून अवघा २० किलोमीटर. पण गड ३,००० फुटांहून उंच. कोल्हापुरात सदरा पुरतो, तेव्हा तीन दरवाजापाशी कानाला मफलर लागतो. पावसाळ्यात दिवसचे दिवस धुके हटत नाही आणि हिवाळ्यात पहाटे गाडी दवाने न्हाऊन निघते. इथे पाणी गोठत नाही हे खरे, पण हातब्रेकला त्रास द्यायला नुसती ओलही पुरते.

ते कसे, ते पाहू. बहुतेक गाड्यांत तुम्ही दांडा ओढला की एक तारेची केबल मागच्या चाकांपर्यंत ताणली जाते. तिथे लोखंडी ड्रमच्या आत ब्रेकचे लायनर दाबून बसतात व चाक धरून ठेवतात. गाडी धुतली, ओढ्यातून आणली किंवा पावसात उभी राहिली, की या ड्रममध्ये ओल शिरते. तशीच हातब्रेक ओढून गाडी चार-आठ दिवस ठेवली, तर ड्रमला गंज चढतो आणि लायनर त्याला चिकटून बसतो. केबलच्या वेष्टनात पाणी गेले तर केबलही अडकते. मग दांडा खाली येतो, पण चाक सुटत नाही.

म्हणून पहिली गोष्ट ध्यानात ठेवा. गाडी सपाट जागी, घरच्या अंगणात किंवा गोठ्याशेजारी बरेच दिवस उभी करायची असेल, तर निघण्याआधी थोडी चालवून, हलके ब्रेक मारून ड्रम कोरडे करा. मग पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा आणि हातब्रेक मोकळा सोडा.

तुमच्या घरचा मुलगा सैन्यात ड्रायव्हर होऊन लडाखला असेल, तर त्याला विचारा. तिथे हिवाळ्यात ड्रममधले पाणी रात्रीतून खरोखरच गोठते. म्हणून सपाट जागी गिअर आणि ठोकळ्यांवर गाडी ठेवण्याची रीत थंड मुलखात सगळीकडे आहे.

दुसरी गोष्ट उताराची, आणि इथे नियम अगदी उलटा. उतारावर हातब्रेक कधीही सोडायचा नाही. पण त्या एकट्यावर भिस्तही ठेवायची नाही. पायाचा ब्रेक दाबून धरा, हातब्रेक पुरता ओढा. मग पाय हळूहळू उचलून गाडी जागची हलत नाही ना, ते पाहा. त्यानंतर गिअर टाका. गाडीचे तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स. पुढची चाके अशी वळवा, की गाडी सुटलीच तर डोंगराच्या अंगाला टेकावी, दरीकडे जाऊ नये. शेवटी उताराच्या बाजूने चाकाला दगड लावा. निघताना तो दगड उचलून कडेला टाकायला विसरू नका. धुक्यात मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा जीव त्यावर जाऊ शकतो.

पावसात कडेच्या मऊ मातीवरही गाडी लावू नका. २०२१ च्या जुलैत पन्हाळ्याचा रस्ताच खचून वाहतूक बंद पडली होती, हे विसरून चालणार नाही.

तिसरी गोष्ट गड उतरून आल्यावरची. सारखा ब्रेक दाबत उतरलात तर ब्रेक तापतात. म्हणून खालच्या गिअरमध्ये उतरावे. तापलेले ब्रेक गारठ्यात निवतात, तेव्हा ड्रम आकसून लायनरला आवळतो आणि दांडा सोडला तरी चाक लवकर मोकळे होत नाही. ज्या गाड्यांत हातब्रेक डिस्कवर काम करतो, तिथे उलट पकड सैल पडते आणि उभी गाडी सरकू लागते. तेव्हा दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा येऊन दांडा एकदा ताणून पाहा.

ट्रॅक्टरवाल्यांनी आणखी एक पाहावे. ब्रेकची दोन्ही पेडले पट्टीने जोडून मगच खटका अडकवा. नाहीतर एकच चाक धरले जाते. उसाची भरलेली ट्रॉली असेल तर दगड ट्रॉलीच्या चाकांनाही लावा. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकच नसतो.

सकाळी चाक अडकलेच, तर इंजिनचा जोर लावून गाडी फरफटवू नका. सपाट जागी असाल तर हलकेच पुढे-मागे करा. बहुतेक वेळा ‘कट्’ असा आवाज होऊन चाक सुटते. नाही सुटले तर मिस्त्रीला बोलवा. चाकाखाली जाळ तर मुळीच करू नका. गाडी निघाली, पण जळका वास आला किंवा मागचे चाक तापले, तर लगेच थांबा.

घरच्या बाईमाणसांनाही एक सांगणे. उतारावरच्या गाडीत मुलांना एकटे ठेवू नका. खेळता खेळता दांडा खाली पडायला वेळ लागत नाही. आणि गाडी सुटलीच, तर तिला अडवायला पुढे धावू नका, की चालत्या चाकाखाली दगड सारू नका. ओरडून लोकांना बाजूला करा. गाडी पुन्हा घेता येते, माणूस येत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी पाहुण्यांना गड दाखवायला न्याल, तेव्हा एक चांगला ठोकळा गाडीत असू द्या. आजोबांच्या बैलगाडीला जो शहाणपणा होता, तो आपल्या मोटारीलाही असावा.