पेढीचे अदृश्य दार

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत स्फोटांची मालिका सुरू होण्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल आला. तपासाचा माग नवी मुंबईतील सानपाड्यात राहणाऱ्या एका अमेरिकी नागरिकाच्या घरी पोहोचला. त्याचे वायफाय असुरक्षित होते. वापर मात्र परक्याने केला होता. पाठोपाठ माटुंग्याचे खालसा महाविद्यालय आणि चेंबूरची एक कंपनी यांच्या वायफायचाही असाच गैरवापर झाला. इंटरनेटवर नोंद जोडणीची होते; म्हणून पहिली चौकशी जोडणीधारकाचीच होते.

जळगावच्या सराफ बाजारात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर रात्री शटरला कुलूप लागते; वायफायच्या लहरी मात्र भिंतीपलीकडे जातात. हिशेबाचा संगणक आणि कॅमेरे बहुधा एकाच राऊटरवर असतात. त्यातच कारखान्यातून आलेला पासवर्ड अनेक यंत्रांना समान असतो. एकाच किल्लीने उघडणारे कुलूप तिजोरीला कोणी लावील काय? २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रणालीने असे सुमारे साठ मूळ पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे व राऊटर ताब्यात घेतले.

उपाय सोपे आहेत. राऊटर व कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड बदलावा. वायफायला डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ संरक्षण द्यावे. ग्राहकांसाठी वेगळे ‘गेस्ट’ नेटवर्क ठेवावे. नोकर काम सोडून गेल्यास किल्ल्यांप्रमाणेच पासवर्डही बदलावा. पेढीची पत पिढ्यांनी कमावलेली असते; तिच्या रक्षणासाठी एवढी दक्षता आवश्यकच आहे.