चिनी लोकांच्या उत्पत्तिकथा आणि अग्गञ्ञसुत्त

बुलढाणा शहर ज्या अजिंठा डोंगररांगेवर वसले आहे, त्याच रांगेतील लेण्यांचे वर्णन इ. स. ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रात आलेल्या ह्युएन त्संगाने केले आहे, असे अनेक अभ्यासक मानतात. या चिनी भिक्षूचे पूर्वज कोण, असा प्रश्न त्या काळच्या एखाद्या शास्त्रीबुवांना विचारला असता, तर उत्तर तयार होते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात पौंड्रक, द्रविड, यवन, शक, किरात यांच्या पंगतीत चीनही बसविलेले आहेत. हे सर्व मूळचे क्षत्रिय. परंतु क्रियालोप झाल्यामुळे व ब्राह्मणांचा संपर्क न राहिल्यामुळे ते वृषलत्वास पोहोचले, असा त्याचा आशय आहे. म्हणजे ब्राह्मणाच्या दृष्टीबाहेर राहिलेले बहुतेक सारे जग पतित ठरले! महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी दहन झाले, ते याच ग्रंथाचे.

पण उच्चनीचता जन्मकथेतच गोवण्याची खोड केवळ आपल्याकडचीच होती, असे मात्र नव्हे. दुसऱ्या शतकातील चिनी लेखक यिंग शाओ याने नोंदविलेल्या कथेत नूवा ही देवी पिवळ्या मातीची माणसे घडविते. पुढे ती थकते, दोरी चिखलात बुडवून ओढते आणि त्या चिखलातून उरलेली माणसे निपजतात. हाताने घडविलेले ते श्रीमंत व प्रतिष्ठित. दोरीच्या चिखलाचे ते दरिद्री व सामान्य. पुरुषसूक्त ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याहून अधिक सांगणे नलगे.

राजकुळांच्या कथा तर सूर्यापर्यंत पोहोचतात. पामीरजवळील ताश्कुरगान येथील राजवंश स्वतःस 'चीनदेवगोत्र' म्हणवीत असे. पारसदेशी वधू म्हणून निघालेली हान राजकन्या युद्धामुळे वाटेत अडकली, तिला एका उंच कड्यावर सुरक्षित ठेवले, आणि तेथे सूर्यबिंबातून येणाऱ्या पुरुषापासून तिला पुत्र झाला. ही हकीकत ह्युएन त्संगानेच लिहून ठेवली आहे.

दीघनिकायातील अग्गञ्ञसुत्ताची भूमिका याहून मूलतः वेगळी आहे. श्रावस्तीच्या पूर्वारामात वासेट्ठ आणि भारद्वाज हे ब्राह्मणकुळातील दोघे भिक्षुसंघात राहत होते. त्यांचे ज्ञातिबांधव, 'श्रेष्ठ वर्ण सोडून तुम्ही मुंडकांत गेलात,' अशी त्यांची निर्भर्त्सना करीत. भगवंतांनी विचारले ते सरळच: ब्राह्मण स्त्रिया ऋतुमती, गर्भवती होतात, प्रसूत होतात, मुलांना पाजतात, मग ब्राह्मण ब्रह्म्याच्या मुखातून जन्मतात हे कसे? त्यानंतर ते आरंभीच्या तेजोमय प्राण्यांची कथा सांगतात. पृथ्वीचा रस चाखल्यामुळे ते जड झाले, वर्णभेद प्रकटला, सुंदर ते कुरूपांना तुच्छ लेखू लागले, आणि त्या गर्वापायी तो रसच लुप्त झाला. पुढे शेते वाटली गेली, चोरी आली, आणि लोकांनीच निवडलेला महासम्मत राजा झाला. चार वर्ण त्याच प्राण्यांतून, कामावरून झाले.

या सुत्तात चीनचा उल्लेख नाही. परंतु दीर्घागमातील त्याचे रूप बुद्धयशस् व झू फोनिएन यांनी इ. स. ४१३ मध्ये चांगआन येथे पूर्ण केलेल्या भाषांतरातून चिनी वाचकांस मिळाले, म्हणजे नूवाची कथा लिहिली गेल्यावर सुमारे सव्वादोनशे वर्षांनी आणि त्याच भाषेत.