वेदनाशामकांचे वावडे आणि शस्त्रकर्मोत्तर वेदना

शस्त्रकर्माची वेदना हा विषय आयुर्वेदास नवा नाही. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायाच्या अखेरीस शस्त्राघातजन्य तीव्र वेदनेवर यष्टिमधुयुक्त कोमट घृताचे सिंचन सांगितले आहे. सतराव्या अध्यायात शस्त्रकर्मापूर्वी रुग्णास इष्ट भोजन द्यावे, आणि ज्यास वेदना सहन होत नाही अशा मद्याच्या सवयीच्या रुग्णास तीक्ष्ण मद्य पाजावे, असा उपदेश आहे. (भोजनाचा भाग आजच्या भूलशास्त्राच्या नेमका उलट आहे, भूल द्यावयाच्या रुग्णाचे पोट रिकामेच हवे.) लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की मद्य सरसकट सर्वांस सांगितलेले नाही. ज्यास ते सात्म्य आहे त्यासच ते द्यावयाचे आहे.

आज शस्त्रकर्मानंतर डायक्लोफेनॅकची सुई, केटोरोलॅक अथवा आयबुप्रोफेन हे इतके सवयीचे झाले आहे, की सात्म्यासात्म्याचा प्रश्न पुष्कळदा प्रतिक्रिया उमटल्यावरच विचारला जातो. याउलट केसपेपरवर लाल शाईने ‘पेनकिलरची ॲलर्जी’ एवढेच लिहिलेले दिसले, की तो रुग्ण पुरेशा वेदनाशमनाविना राहण्याचा धोका असतो. दुसरा धोका पहिल्याइतकाच खरा आहे. पोटाच्या वा छातीच्या शस्त्रकर्मानंतर वेदनेमुळे रुग्ण दीर्घ श्वास घेत नाही, खोकत नाही, अंथरुणातून उठत नाही. त्यातून फुप्फुसात कफ साचून न्यूमोनिया व पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती वाढते.

वावडे म्हणजे नेमके काय?

रुग्ण ‘मला ती गोळी चालत नाही’ असे म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात अगदी भिन्न गोष्टी असू शकतात. एकास रिकाम्या पोटी गोळी घेतल्याने अम्लपित्त झालेले असते. दुसऱ्यास ट्रॅमॅडॉलने मळमळ व भोवळ आलेली असते. तिसऱ्यास मॉर्फीननंतर अंगभर कंड सुटलेली असते. मॉर्फीन पेशींतील हिस्टामीन थेट मोकळे करते म्हणून असे घडते; बहुतेक वेळा ती खरी ॲलर्जी नसते, आणि फेंटॅनिलसारखे त्याच वर्गातील दुसरे औषध अशा रुग्णास बहुधा चालते. चौथ्याच्या अंगावर मात्र गांधी उठलेल्या असतात, ओठ-पापण्या सुजलेल्या असतात, अथवा गोळी घेतल्यापासून अर्ध्या ते दोन-तीन तासांत दम लागलेला असतो. पहिल्या तिघांचे वावडे हे दुष्परिणामांचे आहे, त्याची तजवीज करता येते. चौथ्याच्या बाबतीत जिवाशी गाठ आहे. चौघांच्या कागदावर शब्द एकच लिहिला जातो, आणि येथेच घोटाळा होतो.

या चौथ्या रुग्णांतही एक गट विशेष ओळखून ठेवण्यासारखा आहे. दमा, नाकातील मांसवृद्धी अर्थात पॉलिप, आणि ॲस्पिरिनचे वावडे हे त्रिकूट फ्रेंच वैद्यक विडाल यांनी १९२२ साली वर्णिले. पुढे १९६८ च्या सुमारास सॅम्टर यांच्या लेखनामुळे ते त्यांच्या नावाने रूढ झाले. ॲस्पिरिन व तत्सम औषधे प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखतात, हे जॉन वेन यांनी १९७१ साली दाखविले. त्यानंतर १९७५ मध्ये पोलंडमधील शेक्लिक यांनी प्रतिपादिले, की या रुग्णांतील प्रतिक्रिया औषधाच्या रासायनिक घडणीवर नव्हे तर याच कार्यावर अवलंबून असते. प्रोस्टाग्लँडिनचा मार्ग अडला की ल्युकोट्राइन द्रव्ये वाढतात व श्वासनलिका आकुंचन पावतात. म्हणूनच अशा दमेकऱ्यास ॲस्पिरिन चालत नसेल तर डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, केटोरोलॅक यांपैकी काहीही चालणार नाही असे समजावे. गोळीऐवजी सुई वा गुदवर्ती दिल्याने त्यात फरक पडत नाही. याउलट केवळ एकाच औषधाने, उदाहरणार्थ डायक्लोफेनॅकनेच, तीव्र प्रतिक्रिया येणारेही रुग्ण असतात. त्यांना दुसऱ्या घडणीचे औषध चालू शकते. पहिल्या गटासाठी रक्ताची वा त्वचेची भरवशाची चाचणी नाही. रुग्णालयात, देखरेखीखाली अल्प मात्रेपासून औषध देऊन पाहणे हाच निर्णायक मार्ग असून तो तज्ज्ञाचा प्रांत आहे.

मग उरते काय?

पुष्कळ काही उरते. शस्त्रकर्माच्या जागी ब्युपिव्हॅकेन वा रोपिव्हॅकेन टोचून जागा बधिर ठेवणे, एका मज्जातंतूपुरता ब्लॉक देणे, कण्यातून एपिड्यूरल नळी ठेवणे हे उपाय वेगळ्याच वर्गातील आहेत. वरील वावड्याशी त्यांचा संबंध नाही. पॅरासिटामॉल बहुतेकांस चालते. मात्र त्रिकूटाच्या काही रुग्णांत एका वेळची १००० मिलिग्रॅमची मात्रा सौम्य दमा उत्पन्न करते, आणि रुग्णालयात शिरेतून दिली जाणारी नेहमीची मात्रा नेमकी एवढीच असते. ५०० मिलिग्रॅमपासून आरंभ करणे श्रेयस्कर. सेलेकॉक्सिब, एटोरिकॉक्सिब ही निवडक कार्याची औषधे बहुतेकांस सोसतात. पहिली मात्रा तरीही देखरेखीखालीच हवी. त्यापलीकडे अफूवर्गीय औषधे व अल्प मात्रेतील केटामीन आहेत. ही निवड भूलतज्ज्ञाने करावयाची आहे, परंतु त्यास माहिती पुरविणे आपल्या हाती आहे.

आपल्या फडताळातील द्रव्ये

येथे थोडे आत्मपरीक्षण आवश्यक वाटते. ‘आयुर्वेदिक आहे, म्हणजे चालेल’ हे वाक्य औषधांच्या दुकानात सहज उच्चारले जाते. संधिवातावरील अनेक बाह्य तेलांत व मलमांत गंधपुरा तेल असते. त्यात मिथिल सॅलिसिलेटचे प्रमाण शेकडा ९५ च्या वर असून ते त्वचेतून शोषले जाते. पाच मिलिलिटर शुद्ध गंधपुरा तेल पोटात गेल्यास सुमारे सात ग्रॅम ॲस्पिरिनइतके सॅलिसिलेट शरीरात जाते, म्हणून त्याची बाटली मुलांच्या हाती लागता कामा नये. बाह्य उपयोगात ॲस्पिरिनइतकी तीव्र प्रतिक्रिया सहसा येत नाही, हे खरे. तथापि वावड्याच्या रुग्णास शस्त्रकर्मानंतर पाठ-कंबरेवर विस्तृत अभ्यंगासाठी असे तेल देऊ नये. वॉरफॅरिन घेणाऱ्यास तर मुळीच नको. साधे तिळतेल असताना त्याची गरजही नाही, आणि ताज्या जखमेवर कोणतेच नको.

दुसरी गोष्ट लेबल नसलेल्या ‘वातनाशक’ पुड्यांची. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ साली ‘आर्ट्री किंग’ नावाच्या सांधेदुखीवरील पूरक उत्पादनात न छापलेले डायक्लोफेनॅक व डेक्सामेथासोन आढळल्याचा इशारा दिला होता. ज्यास डायक्लोफेनॅकचे वावडे आहे त्याच्यासाठी अशी पुडी म्हणजे विषच. आणि लपलेले स्टेरॉइड शस्त्रकर्माच्या वेळी वेगळेच संकट उभे करते.

शल्लकीतील बॉस्वेलिक आम्ले ल्युकोट्राइनच्या निर्मितीस अटकाव करतात असे प्रयोगशाळेत दिसले आहे, त्यामुळे या रुग्णांसाठी तिचे नाव पुढे येणे स्वाभाविक आहे. परंतु टाके ताजे असतानाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांच्या तीव्र वेदनेस तिच्यावर विसंबणे योग्य नव्हे. लसूण, सुंठ, हळद यांचे घन स्वरूपातील सेवन रक्तस्रावाच्या शंकेमुळे शस्त्रकर्मापूर्वी साधारण दोन आठवडे थांबविण्याची प्रथा आहे, आणि अश्वगंधा भुलेच्या औषधांची गुंगी वाढवू शकते. स्वयंपाकातील हळद अर्थातच वर्ज्य नाही.

अर्श-भगंदराच्या शस्त्रकर्मात आपला हातभार मोठा असू शकतो. भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेने नोव्हेंबर २०२० मध्ये शल्य-शालाक्याच्या पदव्युत्तर शिक्षणातील ५८ शस्त्रकर्मे अधिसूचित केली, तेव्हापासून तर हा विषय आपल्याच पटलावर आहे. येथे वेदनेचा मोठा वाटा गुदाच्या स्नायूंच्या आकुंचनाचा व कठीण मलाचा असतो. दिवसातून दोन-तीन वेळा कोमट पाण्याचा वा पंचवल्कल क्वाथाचा अवगाह, पहिल्या दिवसापासून मल मृदू राहील असा आहार व अनुलोमन, आणि शस्त्रकर्म करतानाच दिलेला स्थानिक भुलेचा ब्लॉक यांनी वेदनाशामक गोळ्यांची गरज कमी होते. अफूवर्गीय औषध चालू असल्यास मलावरोध हमखास होतो, म्हणून अनुलोमनाची आठवण दुप्पट ठेवावी.

रुग्णासोबत द्यावयाची चिठ्ठी

वर्षानुवर्षे त्याच कुटुंबाची नाडी पाहणारा वैद्य व त्याच गल्लीतील औषधविक्रेता यांना जे ठाऊक असते, ते मोठ्या रुग्णालयास ठाऊक नसते. म्हणून शस्त्रकर्माची तारीख ठरताच एक चिठ्ठी लिहून द्यावी: कोणते औषध, किती मात्रा, घेतल्यापासून किती वेळाने काय झाले, कोणत्या उपचाराने शमले, त्यानंतर कोणती वेदनाशामके निर्धास्त सोसली, दमा, पॉलिप वा जुनाट शीतपित्त आहे काय, आणि सध्या चालू असलेली आपली औषधे, तेलांसह. कोणते औषध सोसले ही नोंद बहुधा सुटते, आणि भूलतज्ज्ञास तीच सर्वाधिक उपयोगी पडते.

औषधविक्रेत्यांनी रुग्णालयातून घरी आलेल्या रुग्णाचे कागद हाती घेताना मूळ द्रव्याचे नाव वाचावे. कॉम्बिफ्लॅममध्ये पॅरासिटामॉलसोबत आयबुप्रोफेन असते, डिस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन, आणि दुखऱ्या भागास लावण्याच्या पुष्कळ जेलमध्ये डायक्लोफेनॅक असते. शेजाऱ्यास लागू पडली म्हणून तीच गोळी मागणाऱ्या ग्राहकास ‘पूर्वी कोणत्या गोळीने अंगावर उठले किंवा दम लागला होता का?’ एवढे विचारण्यास अर्धा मिनिटही लागत नाही. उत्तर होकारार्थी आल्यास गोळी न देता शस्त्रकर्म करणाऱ्या डॉक्टरांना त्याच वेळी दूरध्वनी करावा.