कंबरेचं दुखणं अंगावर काढू नका

दिवाळीच्या साफसफाईत गव्हाचा डबा ओढायला वाकले आणि कंबरेत अशी कळ आली, की तिथेच बसले. ‘उसण भरली असेल, शेकून घे,’ सासूबाई म्हणाल्या. शेकलं, चोळलं, बाम लावला. कामं मात्र चालूच. तीन आठवड्यांनी कळ मांडीमागून पोटरीत उतरली, तेव्हा कुठे डॉक्टरांकडे गेले. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये ‘डिस्क बल्ज’ वाचलं आणि पोटात गोळाच आला. आता ऑपरेशन?

डॉक्टरांनी समजावलं. दोन मणक्यांच्या मध्ये धक्का झेलणारी गादी असते. ती फुगून शेजारच्या नसेला टेकली, की पायापर्यंत कळ जाते. पण फुगवटा दिसला म्हणजे सगळं संपलं असं नाही. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार, काहीही दुखत नसलेल्या चाळिशीतल्या निम्म्या लोकांतही असा फुगवटा दिसतो! बहुतेकांचं दुखणं ऑपरेशनशिवाय, काही आठवड्यांत कमी होतं.

मला वाटलं, आता महिनाभर झोपून राहायचं. डॉक्टर म्हणाले, ‘फार तर एक-दोन दिवस. मग झेपेल तेवढं चाला.’ सकाळ-संध्याकाळ थोडं चालणं, शिकवलेले व्यायाम. खाली वाकून फरशी पुसणं बंद, लांब दांड्याचा पोछा आणला. भरलेल्या बादलीऐवजी अर्धी बादली, तीही गुडघ्यात वाकून, अंगाजवळ धरून उचलायची. कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी.

सगळ्यात अवघड होतं ते घरात सांगणं, की ‘हे काम मला होणार नाही.’ सांगितलं, आणि मुलगा पाणी भरू लागला!

आमच्या बचत गटात सहज विचारलं, ‘कंबर कुणाची दुखते?’ निम्म्या जणींनी हात वर केले. घरी सांगितलेलं मात्र दोघींनीच.

मैत्रिणींनो, एक गोष्ट लाज न बाळगता लक्षात ठेवा. कंबरदुखीसोबत लघवी अडली किंवा नकळत झाली, शौचावरचा ताबा गेला, बसण्याची जागा बधिर झाली किंवा पायातली ताकद कमी होऊ लागली, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच दवाखाना गाठा. ताप येत असेल तरीही डॉक्टरांना दाखवा.

घराचा भार आपण उचलतोच. पण तो उचलणारी कंबरही आपलीच आहे ना?