पुन्हा पुन्हा मुरगळणारा घोटा : कारणे आणि उपाय

आपल्या सीमाभागात या दुखापतीला तिन्ही भाषांत हाताशी शब्द आहे. मराठीत घोटा मुरगळतो किंवा लचकतो, उर्दूत 'मोच' येते, कन्नडमध्ये तिला 'उळुकु' म्हणतात. शब्द इतका परिचयाचा की दुखापतही किरकोळ वाटू लागते. चार दिवस लंगडायचे आणि सूज उतरली की पुन्हा मैदानात उतरायचे, हा आपल्या विद्यार्थ्यांचा सर्वसाधारण रिवाज. मग त्याच हंगामात तोच पाय पुन्हा मुरगळतो आणि 'याचा घोटाच कच्चा' असा शिक्का बसतो. हा शिक्का बहुधा चुकीचा असतो. घोटा कच्चा नसतो, पहिली दुखापत अर्धवट बरी झालेली असते.

घोट्याच्या बाहेरील बाजूस तीन अस्थिबंध असतात. पाऊल आत वळून शरीराचा भार त्याच्या बाहेरच्या कडेवर आला की त्यांपैकी पुढचा, जो सर्वांत दुबळा आहे, तो प्रथम ताणला जातो किंवा फाटतो. इंग्लंडमधील शल्यचिकित्सक फ्रीमन यांनी 1965 साली एक महत्त्वाचा विचार मांडला. अस्थिबंधातील मज्जातंतूंची टोके पाऊल कोणत्या स्थितीत आहे याची खबर देत असतात, आणि अस्थिबंधाबरोबर त्यांनाही इजा होते. म्हणजे वेदना थांबली तरी तोल सावरण्याची जाणीव परतलेली नसते. स्नायूंची दुर्बलता आणि मेंदूच्या पातळीवरील बदल ही कारणे पुढील संशोधनाने त्यात जोडली. निपाणीकडील काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, बेळगावच्या तांबड्या मातीवर सुटे खडे असतात. अशा मैदानावर चेंडूमागे धावताना पाऊल वाकडे पडले आणि स्नायूंनी क्षणभर उशिरा प्रतिसाद दिला, तर घोटा पुन्हा मुरगळतो.

पहिल्या दिवशी हाड मोडले आहे काय, हे पाहावे. कॅनडातील ओटावा येथे तयार झालेले आणि 1992 साली प्रसिद्ध झालेले नियम शिक्षकांनाही लक्षात ठेवता येतील. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या टोकावर किंवा मागच्या कडेवर, अथवा पावलाच्या मधल्या भागातील हाडांवर दाबून दुखत असेल, किंवा चार पावलेही टाकता येत नसतील, तर क्ष-किरण तपासणी करावी. हळद-तुरटीच्या लेपाला विरोध करण्याचे कारण नाही. परंतु पाय 'बसवून' घेण्यासाठी ताज्या दुखापतीला हिसका देणे किंवा जोराने चोळणे घातक आहे. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणे हे सूत्र 1978 साली रूढ करणारे अमेरिकन डॉक्टर मर्किन यांनीच 2014 मध्ये बर्फ व पूर्ण विश्रांतीविषयीचे आपले मत बदलले. बर्फ थोडा वेळ, केवळ वेदनेपुरता लावावा आणि सोसेल तितका भार लवकर देऊ लागावे.

एक बाब आपल्या वाचकांसाठी मुद्दाम सांगावीशी वाटते. नमाजच्या बैठकीत डावे पाऊल आडवे ठेवून त्यावर बसतात. त्या वेळी घोटा खाली व आत वळतो, म्हणजे नेमका दुखावलेला अस्थिबंध ताणला जातो. डावा पाय दुखावलेल्या विद्यार्थ्याने संकोचापोटी तसेच बसू नये. आजाऱ्याला जमेल तसे बसण्याची, तसेच पट्टी बांधलेल्या भागावर मसह करण्याची सवलत फिकहने दिलेलीच आहे.

खरे काम सूज उतरल्यावर सुरू होते, आणि नेमके तेच टाळले जाते. भिंतीजवळ दुखऱ्या पायावर अर्धा मिनिट उभे राहावे. ते जमले की डोळे मिटून, नंतर घडी घातलेल्या चादरीवर, शेवटी मित्राने टाकलेला चेंडू झेलत. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी पावलाभोवती अडकवून पाऊल बाहेर ढकलावे, टाचा उचलाव्यात. खर्च काहीच नाही. नेदरलँड्समध्ये 522 खेळाडूंवर झालेल्या आणि 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, घरी आठ आठवडे तोलाचे व्यायाम करणाऱ्यांत वर्षभरात पुन्हा मुरगळण्याचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी कमी आढळला. तेथीलच 2014 च्या अभ्यासात, खेळताना वर्षभर घोट्याला आधारपट्टा बांधणाऱ्यांत पुन्हा मुरगळण्याचे प्रमाण केवळ व्यायाम करणाऱ्यांपेक्षाही कमी होते. आधारपट्ट्याने घोटा दुबळा होतो, ही समजूत म्हणूनच सोडावी.

आपली कित्येक मुले सैन्यभरतीची तयारी करतात. तेथे 1.6 किलोमीटर धावावे लागते, नऊ फुटी चर ओलांडावा लागतो. संध्याकाळच्या क्रिकेटमध्ये तिसऱ्यांदा मुरगळलेला पाय अशा मुलाचे वर्ष घालवू शकतो. थ्रोबॉल खेळणाऱ्या मुली तर तक्रार न करता खेळच सोडून देतात, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून 'आता दुखते का?' एवढे विचारून मैदानात सोडू नये. त्या एका पायावर दहा उड्या मारायला लावाव्यात, इंग्रजी आठच्या आकड्यात पळवून पाहावे. दोन्ही पायांत फरक जाणवला तर आणखी दोन आठवडे थांबवावे. तीन महिने नियमित व्यायाम करूनही घोटा निसटत असेल, तर मात्र अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवणे आवश्यक आहे.