विसाच्या आतलं लग्न

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये लग्न लावायला हॉलचं भाडं पडत नाही. पण तिथे मंडप घालता येत नाही, होम पेटवता येत नाही, आणि अक्षताही उधळता येत नाहीत. एवढं ऐकून कुठलीही वरमाई विचारेल, ‘मग उरलं काय?’ तरी न्यू जर्सी-न्यूयॉर्ककडच्या मराठी घरांतून अधूनमधून फोन येतोच : ‘आम्ही पार्कात लग्न करतोय, पंधरा-सोळा जणांत.’ इकडे आईवडिलांना वाटतं, एवढं छोटं लग्न म्हणजे काय, चार फोन केले की झालं. प्रत्यक्षात हॉलच्या लग्नात जे काम मॅनेजर, केटरर आणि गुरुजी वाटून घेतात, ते इथे नवरा-नवरीच्याच गळ्यात पडतं. जागा सगळ्यांची असते, आणि तिथे जे आणाल ते तिथून परत न्यावं लागतं. या दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या की बाकीचं नियोजन आपोआप सुचत जातं.

आधी कागद, मग बाग

सुरुवात पार्कातून होत नाही, मॅनहॅटनच्या वर्थ स्ट्रीटवरच्या सिटी क्लार्कच्या कार्यालयातून होते. तिथे विवाहाचा परवाना, म्हणजे मॅरेज लायसन्स मिळतं. फी 35 डॉलर. दोघांना एकत्र हजर राहावं लागतं, ओळखपत्र म्हणून पासपोर्ट चालतो. अमेरिकेचं नागरिक असण्याची अट नाही, न्यूयॉर्कचं रहिवासी असण्याचीही नाही. परवाना हातात पडल्यावर 24 तास थांबावं लागतं आणि 60 दिवसांच्या आत लग्न उरकावं लागतं. शनिवारी सकाळचा मुहूर्त असेल तर शुक्रवारी दुपारी परवाना काढून चालत नाही, कारण 24 तास घड्याळाप्रमाणे मोजले जातात आणि शनिवारी कार्यालय बंद असतं. बुधवार-गुरुवारी हे काम उरकलेलं बरं.

जर्सीत राहणाऱ्यांची एक हमखास फसगत होते. एडिसनच्या टाउनशिपमधून काढलेला परवाना हडसन नदीच्या अलीकडेच चालतो. लग्न सेंट्रल पार्कात लागणार असेल तर परवाना न्यूयॉर्क राज्याचाच हवा. न्यू जर्सीत फी 28 डॉलर आणि थांबण्याची मुदत 72 तास; म्हणजे दोन्हीकडचे नियमही सारखे नाहीत.

अर्ज भरताना लग्नानंतर कोणतं आडनाव लावायचं तेही तिथेच लिहावं लागतं. ‘बघू नंतर’ म्हणून मोकळं सोडण्याचा हा रकाना नव्हे. नावाची अक्षरं पासपोर्टवरच्यासारखीच आहेत ना, हे दोघांनीही एकमेकांचं तपासावं. आपल्याकडे मधलं नाव कधी वडिलांचं, कधी गाळलेलं, कधी आडनावातच शिरलेलं असतं. तो घोळ पुढे व्हिसाच्या खिडकीपर्यंत पाठ सोडत नाही.

लग्न लावणारी व्यक्ती सिटी क्लार्ककडे नोंदलेली असावी लागते. जर्सीच्या देवळातले गुरुजी कितीही अनुभवी असले, तरी न्यूयॉर्क शहरात त्यांची नोंदणी आहे का, हे आधी विचारून घ्यावं. 2023 पासून या राज्यात एक दिवसापुरता अधिकारही मिळतो. 25 डॉलर भरून मामा, मैत्रीण किंवा मोठा भाऊ त्या एका लग्नापुरते ‘भटजी’ होऊ शकतात. शिवाय किमान एक साक्षीदार लागतो. लग्न लागलं की सह्या करून परवाना पाच दिवसांत क्लार्ककडे परत पाठवायचा असतो. हे काम लग्न लावणाऱ्याचं, पण आठवण करून देणं आपलं.

भारतात कागद चालावा म्हणून प्रमाणपत्राची विस्तारित प्रत मागवून तिच्यावर अपोस्टिल, म्हणजे दुसऱ्या देशात कागद ग्राह्य धरला जाण्यासाठीचा शिक्का, घ्यावं. ती प्रत सिटी क्लार्ककडून काउंटी क्लार्ककडे आणि तिथून राज्याच्या डिपार्टमेंट ऑफ स्टेटकडे जाते. भारत 2005 मध्ये अपोस्टिल करारात आला, त्यामुळे वकिलातीच्या वेगळ्या शिक्क्याची गरज उरली नाही. साधी प्रत घेऊन मुंबईला आलेल्यांना हा सगळा द्राविडी प्राणायाम पुन्हा करावा लागतो.

विसाचा आकडा

पाहुण्यांची संख्या विसाच्या घरात गेली की शहराच्या पार्क विभागाची परवानगी लागते. अर्जाची फी 25 डॉलर, आणि अर्ज निदान महिनाभर आधी केलेला बरा. फोटोग्राफर, लग्न लावणारा, पाहुण्यांबरोबरची मुलं हे सगळे मोजावेत. पंधरा-सोळांवर थांबलं तर परवानगीशिवाय भागतं. मात्र एखादी जागा ठरावीक वेळेसाठी राखून हवी असेल, तर माणसं कमी असली तरी अर्ज करावा.

परवानगीचा अर्थ नीट समजून घ्यावा. तिच्यामुळे जागा आपली होत नाही. त्या वेळी तिथे दुसऱ्या लग्नाला परवानगी मिळालेली नसते, एवढंच. मंगलाष्टकं चालू असताना मागून कुणी पळत जाईल, कुणी कुत्रा फिरवेल, कुणी थांबून फोटो काढेल. त्यांना ‘जरा बाजूला व्हा’ म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही.

या आकड्याचा एक फायदा कुणी उघड बोलत नाही. आपल्याकडे लग्नाची यादी करताना अर्धं भांडण ‘त्यांना बोलावलं आणि आम्हाला नाही’ यावर होतं. इथे ‘पार्कचा नियमच आहे’ म्हणून सांगता येतं. रुसलेल्या काकांना नियमावर रुसता येत नाही.

जागा कुठली

सेंट्रल पार्क 843 एकरांचं आहे, त्यामुळे ‘पार्कात भेटू’ म्हणून भागत नाही. लोकांची पहिली पसंती बो ब्रिजला असते. 1862 चा हा ओतीव लोखंडी पूल फोटोत सुंदर दिसतो. पण तो पूल आहे, लोक त्याच्यावरून जाणार-येणार. तिथे फोटो काढावेत, लग्न दुसरीकडे लावावं.

छोट्या लग्नाला लेडीज पॅव्हिलियन बरा. तळ्यात शिरलेल्या खडकाळ टोकावर उभा असलेला हा नक्षीदार लोखंडी मांडव 1871 चा, जेकब रे मोल्डने आखलेला. वर छप्पर, भोवती पाणी आणि आत पंधरा माणसं जेमतेम मावतील एवढी जागा. पार्कच्या दक्षिण टोकाला कॉप कॉट आहे. टेकाडावरची ही ओबडधोबड लाकडी झोपडी सबवेपासून जवळ पडते आणि आत बसायला बाकंही आहेत. फुलांची शिस्तशीर बाग हवी असेल, तर ईशान्येला 105व्या रस्त्यालगत कॉन्झर्व्हेटरी गार्डन आहे. तिथे मात्र लग्नासाठी वेगळी परवानगी आणि बरीच मोठी फी आहे. पावसाची शंका असेल तर बेथेस्डा टेरेसची कमान लक्षात ठेवावी. छताला मिंटन कंपनीच्या हजारो रंगीत फरश्या बसवलेला हा भाग वरून झाकलेला आहे. पण तो गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा लाडका अड्डाही आहे; आपल्या मंगलाष्टकांना तिथे व्हायोलिनची साथ मिळू शकते.

2018 पासून पार्कातले रस्ते मोटारींना बंद आहेत. म्हणजे आजीला पॅव्हिलियनच्या दारात गाडीतून उतरवता येणार नाही. आधी एकदा त्या वेळेला फाटकापासून जागेपर्यंत चालून बघावं, वाटेत पायऱ्या किती, स्वच्छतागृह कुठे, हे टिपून ठेवावं आणि गरज असेल तर व्हीलचेअर आणावी. एप्रिलमध्ये चेरी फुलते, ऑक्टोबरअखेर-नोव्हेंबरात पानं रंगतात, पण नोव्हेंबरचा पहिला रविवार टाळावा. त्या दिवशी न्यूयॉर्क मॅरेथॉन याच पार्कात संपते. गोरज मुहूर्ताचा हट्ट असेल तर जूनअखेर सूर्यास्त साडेआठला होतो आणि डिसेंबरात साडेचारला, हे पंचांगाबरोबर बघावं. गर्दी टाळायची तर सकाळी आठच्या आसपासचा मुहूर्त काढावा.

अक्षतांचं काय?

तांदूळ, पाकळ्या, कागदाचे कपटे यांतलं काहीच फेकायचं नाही, असा पार्कचा नियम आहे. सांडलेलं धान्य उंदरांना बोलावतं आणि पाकळ्या कुणाला तरी झाडाव्या लागतात. मग एक सोपी वाट आहे. प्रत्येकाने आपली चिमूटभर अक्षत ‘सावधान’ झालं की जोडप्यासमोर धरलेल्या परातीत टाकावी, आणि परात घरी न्यावी. वधू-वरांच्या डोक्यावर पडायचं राहतं, हे खरं. पण सोळाच्या सोळा माणसं समोर येऊन आशीर्वाद देतात, आणि हॉलमध्ये मागच्या रांगेतून भिरकावलेल्या अक्षतांपेक्षा ते जास्त नेमकं वाटतं.

अंतरपाटाला काही अडचण नाही. दोघांनी हातात धरलेलं कापड झाडाला बांधावं लागत नाही, जमिनीत रोवावं लागत नाही. मुंडावळ्या, हार, मंगळसूत्र, सगळं चालतं. कमान उभारणं, फुगे लावणं, झाडाला माळा बांधणं चालत नाही. खुर्च्या म्हाताऱ्या माणसांपुरत्या. स्पीकरला पोलिसांची वेगळी परवानगी लागते आणि शेक्सपिअर गार्डनसारख्या शांतता विभागांत वाद्यंही नकोत. सोळा माणसांना मंगलाष्टकं ऐकू जायला माइक लागत नाही. गाणारी मावशी तेवढी हवी.

होम पार्कात होणार नाही, हे गुरुजींना आधीच सांगावं. सप्तपदी अग्नीभोवती हवी असेल, तर ती घरी किंवा देवळात करावी आणि पार्कात कायद्याचं लग्न व हार घालणं ठेवावं. गवतावर सात पावलं सरळ रेषेत चालून वचनं म्हणणारीही जोडपी असतात. पैठणी नेसून हिरवळीवर जायचं तर टाचेच्या चपला नकोत, त्या मातीत रुततात.

इकडे करायचं तर?

महाराष्ट्रात असं करायचं म्हटलं तर 1954 चा विशेष विवाह कायदा उपयोगी पडतो. दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात 30 दिवस वास्तव्य हवं, नोटीस 30 दिवस लागते, साक्षीदार तीन लागतात. जादा फी भरून विवाह अधिकाऱ्याला कार्यालयाबाहेर, पण वाजवी अंतरावरच्या जागी बोलावण्याची सोयही याच कायद्यात आहे. उद्यानासाठी स्थानिक संस्थेची परवानगी लागेल, ती आधी लेखी घ्यावी. न्यूयॉर्कच्या 24 तासांसमोर आपले 30 दिवस जड वाटतात, पण तारीख हातात ठेवून सुरुवात केली तर ते अडत नाहीत.

न्यूयॉर्कच्या पार्कातल्या लग्नाच्या खर्चाचा हिशेब मोठा नाही. परवाना, परवानगी आणि प्रमाणपत्र यांचे मिळून शंभर-दीडशे डॉलर, त्यावर फोटोग्राफर आणि नंतरचं जेवण. उरलेल्या पैशांचं काय करायचं, यावरच घरोघरी खरी चर्चा होते. पुण्याला किंवा कोल्हापूरला मोठं रिसेप्शन करायचंच असेल तर खुशाल करावं, त्यात पंक्ती उठवाव्यात, मानपान करावा, सगळ्या काकांना बोलवावं. पण पार्कातल्या लग्नाला त्या रिसेप्शनची रंगीत तालीम समजू नये. ‘अजून चारच माणसं वाढवू’ म्हणत म्हणत आकडा तिशीला गेला की परवानगीही लागते, खुर्च्याही लागतात, माइकही हवासा वाटतो, आणि ज्या कारणाने पार्क निवडलं ते कारणच निघून जातं.