दोषी कोण? कंपनी की माणूस?

कारखान्यात अपघात झाला की ‘कंपनीवर खटला भरा’ असं आपण सहज म्हणतो. पण कंपनीला दंड करता येतो, तुरुंगात टाकता येत नाही. म्हणून कायद्याला माणूस शोधावा लागतो. तो कसा शोधायचा, हा प्रश्न आपल्या माळव्याच्या शेजारी, भोपाळला, ऐरणीवर आला.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या टाकीत पाणी शिरलं आणि मिथाइल आयसोसायनेट वायू शहरावर पसरला. त्या वेळी टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती. निसटलेला वायू जाळणाऱ्या मनोऱ्याची नळीही दुरुस्तीसाठी काढलेली होती. इंजिनिअरच्या नजरेनं पाहिलं तर यंत्रणा महिनोन्‌महिने आपोआप बंद राहत नाही. ती तशी ठेवायचं कुणीतरी ठरवतं.

त्या कुणाला तरी गाठायच्या दोन वाटा होत्या.

पहिली दंडसंहितेची. आरोप होता सदोष मनुष्यवधाचा, शिक्षा १० वर्षांपर्यंत. त्यासाठी आपल्या कृतीनं माणसं मरू शकतात याची आरोपींना जाणीव होती, हे दाखवावं लागतं. सप्टेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो आरोप काढून निष्काळजीपणाचा ठेवला. कमाल शिक्षा २ वर्षं. ७ जून २०१० रोजी सात अधिकाऱ्यांना तेवढीच झाली आणि लगेच जामीनही मिळाला.

दुसरी वाट १९४८ च्या कारखाना अधिनियमाची. त्यात जबाबदार माणूस म्हणजे ‘भोगवटादार’ आणि व्यवस्थापक. पूर्वी कंपन्या भोगवटादार म्हणून एखाद्या हाताखालच्या अधिकाऱ्याचं नाव देऊन मोकळ्या होत. भोपाळनंतर, १९८७ च्या दुरुस्तीनं ही पळवाट बुजवली: कंपनीचा भोगवटादार संचालकच असला पाहिजे. कंपन्या न्यायालयात गेल्या. त्याच सप्टेंबर १९९६ मध्ये, जे. के. इंडस्ट्रीजच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानं ही दुरुस्ती उचलून धरली.

फरक इथे आहे. या वाटेनं संचालकाला ‘मला माहीत नव्हतं’ एवढं म्हणून सुटता येत नाही. आपण योग्य ती काळजी घेतली होती आणि खरा गुन्हेगार दुसराच आहे, हे त्यालाच सिद्ध करावं लागतं. शिवाय त्याचं नाव अपघाताआधीच कागदावर असतं. बंद यंत्रणेबद्दल वेळेवर विचारायला त्याला तेवढं कारण पुरे.

जुन्या गिरण्यांची कागदपत्रं चाळताना म्हणूनच भोगवटादाराच्या रकान्यात कुणाचं नाव आहे, ते जरूर पाहा.